पाचवा धवला

मित्रांनो, मी एक जुना वॉल्व्हचा रेडिओ आहे, पण माझी खुंटी फिरवून पाहू नका. एकही स्टेशन लागणार नाही. काचेवरची शहरांची नावे अजून वाचता येतात, काटाही डावीकडून उजवीकडे सरकतो, पण त्या काट्याच्या मागे आता काही जोडलेले नाही. माझ्या मालकाने, आनंदा त्याचे नाव, ते सगळे स्वतःच्या हाताने काढले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते का काढले आणि पुढे काय घडले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म १९५९ सालचा. कारखान्यात लांब टेबलाशी ओळीने बसलेल्या बायकांनी माझ्या तारा जोडल्या. सागवानी पेटी, पुढे सोनेरी कापड आणि आत पाच वॉल्व्ह. वॉल्व्ह म्हणजे काचेची बंद नळी. बटण दाबले की ती हळूहळू तांबूस उजळते, चांगली तापते, आणि मग कुठे माझा आवाज फुटतो. ठाण्यात एका वकिलांच्या दिवाणखान्यात मी सोळा-सतरा वर्षे काढली. माझ्यावर भरतकामाचा रुमाल असायचा आणि बातम्यांच्या वेळी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. पुढे खिशात मावणारे रेडिओ आले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे उंदरांनी माझ्या स्पीकरचा कागद कुरतडला. शेवटी वकिलांच्या मुलांनी मला रिक्षात घालून कळव्याला आनंदाच्या दुकानात आणले. "बघून ठेवा, येतो आम्ही," असे सांगून ते गेले, ते आजतागायत आलेले नाहीत.

आनंदा हा कळव्याच्या जुन्या गावातला. त्याचा बाप खाडीकाठच्या मिठागरात राबायचा. मिठागर बंद पडले तेव्हा आनंदाने ठाण्याला एका रेडिओवाल्याकडे काम शिकून घेतले आणि गावातच दुकान टाकले. त्याचा कान मोठा तिखट. पेटीला कान लावून कोणता वॉल्व्ह थकला आहे ते तो सांगायचा. त्याने माझा कागद चिकटवला, वॉल्व्हचे गंजलेले पाय घासले, आणि दहा वर्षांनी मी पुन्हा बोललो. त्या दिवशी तो खूश व्हायला हवा होता. पण तो कपाळाला आठी घालून ऐकत राहिला आणि म्हणाला, "हमिंग हाय."

हमिंग म्हणजे आवाजाच्या तळाशी चालणारी बारीक गुरगुर. जुन्या सेटात ती थोडीफार असतेच. माणसे तिच्याकडे लक्ष देत नाहीत. आनंदाला मात्र ती भातातल्या खड्यासारखी लागायची. ती घालवल्याशिवाय त्याने कोणताही सेट गिऱ्हाइकाला परत दिला नाही, आणि त्याचे हेच वेड पंचक्रोशीत नावाजले गेले.

त्याची बायको सगुणा. ती धवलारीण होती. मित्रांनो, आगरी लग्नात धवलारणीचा मान मोठा. तांदूळ निवडण्यापासून नवरी दाराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक विधीचे वेगळे गाणे असते, त्याला धवला म्हणतात, आणि ते गाणारी बाई लग्न पुढे नेते. सगुणाने शाळेची पायरी कधी चढली नव्हती. सगळे धवले तिला सासूकडून आणि आईकडून तोंडपाठ आले होते. लग्नांना लाऊडस्पीकर आनंदाचा असायचा. पुढे सगुणा गायची आणि तिच्या पाठीमागे आनंदा अॅम्प्लिफायरशी बसायचा, एक हात बटणावर, मान खाली. कळव्यापासून पार खारीगावपर्यंत अशी त्यांची चाळीस वर्षे गेली. मी तेव्हा दुकानाच्या फळीवर होतो. रात्री घरी परतताना दोघे दुकानात सामान ठेवायला यायचे, तेव्हा तिचा बसलेला गळा आणि त्याचे "आज माईकची शिट्टी नाय वाजली एकदा पण" हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे.

तीन वर्षांपूर्वी सगुणाच्या मानेत गाठ निघाली. ऑपरेशन झाले. गाठ गेली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. आजारच आवाजाच्या नसेपर्यंत पोचला होता, असे डॉक्टरांनी समजावले. उरला तो फक्त वारा. ती बोलायची तेव्हा ओठ हलायचे आणि कोणीतरी सुपातून कोंडा पाखडावा तसा श्वास ऐकू यायचा. घरात मिक्सर चालू असला, टीव्ही चालू असला की तिचे कोणाला काही कळायचे नाही. एकदा ती अर्धा तास काहीतरी सांगत होती आणि सून दुसऱ्याच खोलीत निघून गेली होती. सगुणाने वळून पाहिले आणि ती गप्प झाली. त्यानंतर ती बोलेनाशीच झाली.

त्यांचा मुलगा कमलेश ठाण्याला एका कचेरीत आहे. त्याने आवाज मोठा करणारे, गळ्यात अडकवायचे प्लॅस्टिकचे छोटे यंत्र आणले. तिचा आवाज इतका क्षीण होता, की यंत्राचा आवाज वाढवला की ते तिच्या शब्दाआधी किंचाळायचे. दोन दिवसांनी सगुणाने ते काढून कपाटात ठेवले.

तेव्हा आनंदाने मला फळीवरून खाली घेतले.

दुकान एव्हाना बंद झाले होते. मी घरात मागच्या खोलीतल्या फळीवर होतो. त्याचे वय पंचाहत्तरच्या पुढे आणि उजवा हात थोडा थरथरायचा. तीन आठवडे तो माझ्या कामाला बसला. स्टेशन पकडणारे दोन वॉल्व्ह त्याने उपटले, त्यांच्यामागची तारेची गुंडाळी काढली, आणि त्या जागी माईकचा बारीकसा आवाजसुद्धा उचलेल असा वेगळा वॉल्व्ह बसवला. मित्रांनो, खरे सांगतो, मला वाईट वाटले. रेडिओचे स्टेशन काढले तर त्याच्यापाशी राहते काय? पण मग त्याने मला स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी ठेवले, माईक सगुणाच्या हाती दिला आणि मी तापेपर्यंत आम्ही तिघे थांबलो.

सगुणाने माईक ओठांना टेकवला.

"अवो," ती म्हणाली.

ते माझ्यातून बाहेर आले. खरखरीत होते, थोडे घोगरे होते, पण बाईचा आवाज होता. तिने दचकून माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा माईक धरून विचारले, "चाय ठेवू का?"

 आनंदाने मान हलवली आणि तो कप काढायला वळला.

ते सात महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. सगुणा माझ्यातून सुनेला हाका मारायची, भाजीवाल्याला खिडकीतून झापायची, आनंदाला औषधाची आठवण करायची. शेजारपाजारच्या बायका मुद्दाम ऐकायला यायच्या आणि जाताना माझ्या पेटीवर हात फिरवायच्या. कोणत्याही स्टेशनने मला इतका मान दिला नव्हता.

याच काळात डॉक्टरांनी सांगितले, की आजार छातीत उतरला आहे. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. कमलेशची मुलगी कल्पिता हिचे लग्न पुढच्या वैशाखात ठरले होते. सगुणाने एका रविवारी तिला जवळ बसवले.

"तुझ्या लग्नान दुसरी धवलारीण नको," ती माझ्यातून म्हणाली. "पाच धवले शिक. बाकीचं ऱ्हाऊं दे, पाच तरी."

"आजी, मला कुठे गाता येतं?" कल्पिता हसली. "मी ऑफिसात प्रेझेंटेशन देताना पण अडखळते."

"गायाचं नाय. बोलाचं. सूर आपोआप येतं."

मग दर रविवारी दोघी बसू लागल्या. सगुणा एक ओळ सांगायची, कल्पिता ती म्हणायची आणि मोबाइलवर रेकॉर्डही करायची. तांदळाचा धवला झाला, हळदीचा झाला, आंघोळीचा झाला, मांडवाचा झाला. राहिला पाचवा. नवरी आईचे घर सोडते तेव्हाचा. तो सगळ्यांत लांब.

तो सुरू केला त्या दिवशी सगुणाला धाप लागत होती. तरी ती थांबेना. निम्मा झाला असेल, तेवढ्यात आनंदा बाहेरून आला. दारातच उभा राहून तो ऐकू लागला. मला वाटले, आता तो बसेल. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"थांबा," तो म्हणाला. "मोबाइल बंद कर, बाय. रेकॉर्डमधी हमिंग येतंय."

कल्पिताने मोबाइल कानाला लावून पाहिला. "थोडंसं आहे आजोबा. चालेल की."

"आयुष्यभर ऱ्हानार ते रेकॉर्ड. माझ्या सेटवर हमिंग हाय म्हनून लोक हसतील. मी साफ करतो, मग करा."

"असूं दे ती गुरगुर," सगुणा माझ्यातून म्हणाली. "मना तिची सवय जाली."

"दोन दिवसांचं काम हाय गं."

"मना बोलाचा हाय."

"दोन दिवस," आनंदा म्हणाला आणि त्याने माझी वायर भिंतीतून काढली. सगुणाच्या ओठांवर पुढची ओळ होती. ते ओठ हललेले मी पाहिले.

मित्रांनो, वाईट हेतूने त्याने काही केले नाही, हे लक्षात ठेवा. त्याला तिचा आवाज निर्मळ हवा होता. त्याने मला मागच्या खोलीत नेऊन उघडले. गुरगुर गाळणारा जुना कंडेन्सर फुगला होता, तो काढला. तसा नवा ठाण्यात मिळाला नाही, मागवावा लागला. आला तो कमी ताकदीचा निघाला. दुसरा मागवला. तेवढ्यात माझा ट्रान्सफॉर्मर हलवताना त्याचा हात थरथरला आणि आतली तार तुटली. कोपरीला विठ्ठल म्हणून एक जुना कारागीर आहे, तोच आता अशा तारा गुंडाळतो. आनंदा पिशवीत ट्रान्सफॉर्मर घालून त्याच्याकडे गेला. विठ्ठलाच्या घरी साखरपुडा होता. तो म्हणाला, आठवड्याने देतो.

मी टेबलावर पोट उघडे टाकून पडलो होतो. पहिल्या दिवशी सगुणा खोलीत आली, माझ्याकडे पाहिले आणि आनंदाला हातानेच विचारले, झाले का? तो म्हणाला, "होतंय." चौथ्या दिवशी पुन्हा आली. सहाव्या दिवशी भिंतीला धरत धरत आली. कल्पिताने एकदा मोबाइल तिच्या ओठांशी धरून पाहिला. त्यात नुसता श्वास आला, शब्द आले नाहीत. "राहू दे आजी," ती म्हणाली, "आजोबा करतायत ना, रविवारी आपण पूर्ण करू."

चौदाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, सगुणाच्या छातीत पाणी वाढले. कमलेश कचेरीत, सून आणि कल्पिता लग्नाच्या साड्या बघायला ठाण्याला गेलेल्या. घरात आनंदा एकटा. मी शेजारच्या खोलीत. मला फक्त त्याचाच आवाज ऐकू येत होता.

"काय गं? पानी?"

मग थोडा वेळ काही नाही.

"काय? परत सांग. परत सांग सगुणा. काय म्हनतंस? कल्पिताचं काय? जरा मोठ्यानं... नाय, नको, हलू सांग. मी कान लावतो."

बाहेर रस्त्यावरून एका गाडीचा हॉर्न वाजला. आनंदा धावत माझ्या खोलीत आला. माझ्या सुट्या तारांकडे त्याने असे पाहिले, जणू त्या नुसत्या पाहण्याने जुळतील. ट्रान्सफॉर्मर कोपरीला होता. त्याने माईक उचलला, परत ठेवला, आणि पळत गेला.

"काय गं?" तो विचारत राहिला. "काय गं?"

मग त्याने विचारणे थांबवले.

शेजाऱ्यांनी बोलावलेली दवाखान्याची गाडी उशिरा आली, माणसे आली, रडणे झाले. बायकांनी आनंदाला घेरून विचारले, की शेवटी काय म्हणाली. त्याने बायकांच्या पलीकडे उभ्या कल्पिताकडे पाहिले. मग म्हणाला, "कल्पिताचं नाव घेतलंन. पोरीचं लगीन चांगलं करा म्हनाली." बायकांनी पदर डोळ्यांना लावले. कल्पिता त्याच्या गळ्यात पडून रडली. ते वाक्य घराघरात गेले आणि सगुणाचे शेवटचे शब्द म्हणून राहिले.

बाराव्यानंतर विठ्ठलाने ट्रान्सफॉर्मर स्वतः आणून दिला. आनंदाने मला जोडले. मित्रांनो, इतका स्वच्छ मी कधीच नव्हतो. बटण दाबले, वॉल्व्ह उजळले आणि माझ्यातून काहीही आले नाही. गुरगुर नाही, खरखर नाही. आनंदा माईक समोर ठेवून बसला आणि कान लावून ऐकत राहिला. त्याला आयुष्यभर हवे होते ते काम त्याने केले होते. त्याने मला बंद केले आणि फडके टाकले. चार महिने ते कोणी उचलले नाही.

वैशाख आला. हळदीच्या दिवशी दुपारी कल्पिता मागच्या खोलीत आली. तिने फडके काढले.

"आजोबा, हा मांडवात न्यायचाय. मी चार धवले म्हणणार आहे. डीजेवाल्याला सांगितलंय, तोपर्यंत बंद ठेव म्हणून."

"ने," आनंदा म्हणाला.

"पाचवा अर्धाच आहे. आजीला त्या दिवशी खूप धाप लागलेली, म्हणून राहिला. निघतानाच्या गर्दीत जमणार नाही, म्हणून आजच तेवढा म्हणेन. शेवटी तिने माझंच नाव घेतलं ना, तिला बरं वाटेल."

वायर कोणी काढली हे तिने पाहिले होते, पण तिने ते त्याच्यावर टाकले नाही. आनंदा खाटेवर बसला. मला वाटले, तो गप्प राहील. इतके दिवस राहिलाच होता.

"धापेनं नाय ऱ्हायला," तो म्हणाला. "मी थांबवला. आनि तुझं नाव घेतलंन का नाय, मना ठावं नाय. ती काय बोलली ते मना आयकूच आलं नाय. मी खोटं बोललो, बाय."

कल्पिताच्या हातात फडके तसेच राहिले. तिचे हात हळदीच्या आधीच मेंदीने लाल झाले होते. ती रडली नाही, त्याला जवळही घेतले नाही.  मग तिने माझी वायर गुंडाळली, मला दोन्ही हातांनी उचलले आणि दारापाशी थांबून म्हणाली, "मग तुम्ही पण चला. माईकला कोण बसणार?"

मांडवात बायका गोल करून बसल्या होत्या. आनंदा नेहमीसारखा पाठीमागे, माझ्या बटणावर हात ठेवून. कल्पिताचा सूर अधूनमधून हलत होता, पण चारही धवले तिने पूर्ण म्हटले. जुन्या बायका मागून सूर ओढत होत्या. मग तिने पाचवा घेतला. नवरी उंबऱ्याशी येते, आईला विचारते, आणि तिथे कल्पिता थांबली. पुढे तिच्यापाशी काही नव्हते.

बायका वाट पाहत राहिल्या. गावात दुसऱ्या कोणाला सगुणाचा तो धवला पूर्ण येत नव्हता. तिच्या घराण्याचे शब्द तिच्याच घराण्याचे. तिची मैत्रीण तुळसा, ऐंशीच्या घरातली, मागे वळून आनंदाला म्हणाली, "पुढं काय रं, आनंदा? तू तं दर लग्नान तिच्या पाठी बसलेलास. चाळीस वर्सं आयकलंस. सांग की पोरीला."

आनंदाने तोंड उघडले. सगळ्यांनी पाहिले. त्याने आठवायचा प्रयत्न केला, हे मी शपथेवर सांगतो, कारण त्याचे ओठ कल्पिताची शेवटची ओळ पुन्हा जुळवत होते.

"मना नाय ठावं," तो म्हणाला. "मी आवाज बगायचो. शबूद कधी आयकलेच नाय."

 तुळसा उठली, तिने कल्पिताच्या गालाला हळद लावली आणि विधी पुढे गेला. थोड्या वेळाने डीजे सुरू झाला.

आता कल्पिता डोंबिवलीला सासरी असते. महिन्यातून एकदा येते. आनंदाने एक वही केली आहे. आजूबाजूच्या गावांत जुन्या धवलारणी उरल्या आहेत, त्यांच्याकडे तो बसने जातो आणि नवरी निघतानाचा धवला विचारतो. प्रत्येकीचा वेगळा. तो समोर बसतो, मान वर ठेवून, त्यांच्या ओठांकडे बघत, आणि एकेक शब्द लिहून घेतो. घरी आल्यावर मला लावतो, ते शब्द माईकवर वाचतो आणि रेकॉर्डमधल्या अर्ध्या धवल्याला ते जुळतात का बघतो. मग मान हलवतो. सगुणाचा हा नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंची काळजी घ्या, असे मी तुम्हाला सांगायला हवे. आमची धूळ पुसा, आम्हाला उंदरांपासून जपा, ते ठीकच आहे. पण आम्ही थांबू शकतो. मी माळ्यावर दहा वर्षे थांबलो आणि पुन्हा बोललो. म्हणून तुमच्या घरात कोणी खरखरत, अडखळत, दम लागत काही सांगत असेल, तर आमच्यासारख्यांना तसेच उघडे टाका आणि आधी त्यांच्यापाशी जाऊन बसा. त्यांचे सांगून पुरते होईपर्यंत उठू नका.